वासाचा रकाना

१

गुरुवारी सकाळी वस्तीखालच्या वळणावर नदीत मासे उताणे पडलेले दिसले. आधी दहा-बाराच होते, म्हणून पाहणाऱ्याने ते मोजले. तासाभरात मोजण्यात अर्थ उरला नाही. बोटाएवढी पिल्लं काठाच्या गवतात अडकली होती आणि हातभर लांबीचे जुने मासे पोटं वर करून हळूहळू पुढच्या गावाकडे निघाले होते. वळणाच्या वर मात्र पाणी नितळ होतं आणि तिथले मासे मजेत होते. तेव्हा हे पाप कुणाचं ते ओळखायला विद्वान लागत नव्हता. वळणावर नदीत एकच पाइप सुटतो, वस्तीच्या सांडपाण्याचा.

साठ घरांची वस्ती. घराघरातलं न्हाणीचं, मोरीचं, संडासाचं पाणी उताराने खालच्या टोकाच्या छोट्या केंद्रात येतं. तिथे एका टाकीत त्यात हवा सोडतात. त्या हवेवर जगणारे जिवाणू पाण्यातली घाण खातात, गाळ तळाशी बसतो आणि वरचं निवळलेलं पाणी नदीत जातं. हे सगळं पाहणाऱ्या माणसाला लोक टाकीमास्तर म्हणत. चोवीस वर्षं त्यांनी ते केंद्र पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं आणि तेवढ्या वर्षांत नदीत त्यांच्यापायी एक मासा मेला नव्हता.

कुणी विचारायच्या आत मास्तर कबूल झाले. वस्तीच्या चेअरमनांच्या घरी जाऊन त्यांनी कागदावर लिहून दिलं की बुधवारी दुपारी कामावर मला झोप लागली, हवा सोडणारा ब्लोअर बंद पडला तो कळला नाही, चूक सर्वस्वी माझी. बायको जाऊन त्यांना तीन आठवडे झाले होते. काहींनी हळहळ व्यक्त केली, काहींनी म्हातारा प्यायला लागला की काय अशी शंका काढली, आणि चेअरमनांनी रविवारी चार वाजता सभा लावली. मास्तरांना काढायचं हे ठरल्यात जमा होतं.

एका माणसाला मात्र हे पटलं नाही. मास्तरांची एकुलती एक लेक मोठ्या रुग्णालयात नर्स होती. आईच्या आजारपणात ती आठ महिने रजा काढून घरी राहिली होती आणि येत्या सोमवारी पुन्हा कामावर रुजू होणार होती. तिने नदीचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेला फोन लावला.

"माझे बाबा कामावर झोपणारे नाहीत," ती म्हणाली. "कुणीतरी काहीतरी ओतलंय. ज्याने ओतलं त्याचं नाव मला हवंय, आणि ते सभेत सगळ्यांसमोर घेतलं गेलं पाहिजे."

२

शुक्रवारी सकाळी तपासनीस बाई आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या. वस्तीला त्या नवीन होत्या, पण केंद्राला नव्हत्या. वीस वर्षांपूर्वी नोकरीला लागल्यावर त्यांना सहा महिने याच टाकीवर शिकायला पाठवलं होतं. मास्तरांनी पहिल्या दिवशी त्यांच्या हातातली उपकरणं काढून बाजूला ठेवली होती आणि टाकीवर वाकून वास घ्यायला लावला होता. टाकी निरोगी असली की ओल्या मातीसारखा वास येतो, हवा कमी पडली की सडका, आणि बाहेरचं काही शिरलं की ते आकड्यांच्या आधी नाकाला कळतं, हे त्यांनी तेव्हा शिकवलं होतं. बाई आयुष्यभर त्या एका धड्यावर जगल्या होत्या.

आता मास्तर फाटकात उभे होते. सदरा अंगावर लोंबत होता. त्यांनी बाईंना ओळखलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला नाही.

बाईंनी आधी ब्लोअर पाहिला. त्याच्या खोक्यावर तासांचा मीटर असतो. यंत्र चालेल तेवढेच तास पुढे सरकतात. सोमवारी मास्तरांनीच लिहून ठेवलेला आकडा आणि आजचा आकडा यांत बरोबर तितकेच तास होते जितके घड्याळात झाले होते. ब्लोअर एक मिनिटही थांबला नव्हता. मग बाईंनी टाकीतल्या गाळाचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. हवेवाचून मेलेला गाळ काळा पडतो. हा तपकिरी होता, चांगल्या रंगाचा, आणि त्यात एकही जीव हलत नव्हता. त्या जिवाणूंना कशाने तरी जागच्या जागी मारलं होतं.

शेजारी राखीव टाकी होती. विषारी काही आलं तर एक चाक फिरवायचं की सगळं पाणी तिच्यात वळतं आणि नदी वाचते, एवढ्यासाठीच ती बांधलेली. ती कोरडी ठणठणीत होती.

"मास्तर, यंत्र बंद पडलंच नव्हतं," बाई म्हणाल्या.

"मीटर बिघडलाय."

"आणि गाळ काळा का नाही?"

मास्तर फडक्याने मीटरची काच पुसू लागले. वीस वर्षांपूर्वी ह्याच माणसाने त्यांना गाळाचा रंग वाचायला शिकवला होता, आणि आता तो त्यांच्याशी धडधडीत खोटं बोलत होता, तेही स्वतःच्या विरुद्ध. बाईंना वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

३

वस्तीने आपला गुन्हेगार बाजूला काढून ठेवलाच होता. मास्तरांच्या कबुलीवर ज्यांचा विश्वास नव्हता ते लाँड्रीवाल्याकडे बोट दाखवत होते. मधल्या आळीत त्याचं दुकान. साबण, सोडा, ब्लीच, सगळं त्याच्याच मोरीतून खाली जातं. गुरुवारपासून त्याच्याकडे कुणी एक रुमाल टाकला नव्हता.

तो रिकाम्या टेबलावर कोपरं टेकून बसला होता. बाईंना पाहून त्याने आधी आपलं गाऱ्हाणं घातलं. अठरा वर्षं लोकांचे डाग काढले, आता लोक मलाच डाग म्हणतात, असं काहीसं. ब्लीचचे डबे त्याने आपणहून काढून दाखवले. सील फोडलेला एकच होता आणि तोही निम्म्याहून जास्त भरलेला.

मग त्याने सहज सांगितलं की बुधवारी सकाळी साडेदहाला मागच्या अंगणातल्या चेंबरातून फिनाईलचा इतका दर्प आला होता की तो इस्त्री बंद करून रस्त्यावर जाऊन उभा राहिला. डोळ्यांतून पाणी आलं. वर कुणीतरी साफसफाई काढली असेल असं समजून तो तासाभराने परत कामाला लागला.

"हे कुणाला सांगितलं नाहीत?"

"मला कुणी विचारलं कुठे, बाई? आले ते दम द्यायलाच आले."

आरोपीच्या तोंडचा पुरावा बाईंनी तसाच गिळला नाही. त्या दुकानाच्या वरच्या बाजूच्या चेंबरापर्यंत चालत गेल्या, झाकण उचलून घेतलं आणि तळाचा चिमूटभर गाळ बाटलीत पाणी घालून हलवला. पाणी दुधाळ झालं. दोन दिवस उलटूनही तो वास नाकात शिरला. उताराचं पाणी खालून वर चढत नाही. फिनाईल लाँड्रीतून आलेलं नव्हतं, लाँड्रीवरून गेलेलं होतं.

त्या चेंबराच्या वर फक्त वरची आळी होती. सात घरं. त्यांतलं शेवटचं टाकीमास्तरांचं.

४

तरी बाईंनी टँकरवाल्याला गाठलं. तो आठवड्यातून एकदा केंद्रातला जादा गाळ उचलून नेतो, आणि असे टँकर कुठेही तोंड उघडतात असं लोक म्हणत. हा मात्र ओतू म्हटलं तरी वर ओतू शकत नव्हता. वरच्या आळीला पायऱ्या आहेत. टँकर जातो तो थेट केंद्राच्या फाटकापर्यंत. ते त्याने सांगायच्या आधीच बाईंनी ओळखलं होतं. त्यांना त्याच्याकडून वेगळंच हवं होतं: बुधवारी दुपारी मास्तर खरंच झोपले होते का.

"झोपले? छे हो. बारा वाजता माझ्यासमोर डबा खात होते. मीच तिथे दोन मिनिटं टिकलो नाही. फिनाईलचा नुसता भपकारा मारत होता, मी गमछा नाकाला बांधला. चोवीस वर्षं मैल्याचं काम करणारा माणूस, म्हटलं ह्यांना काय त्याचं. टाकीच्या कठड्यावर बसून शांतपणे जेवत होते. मला म्हणाले, बस, दोन घास खा."

बाई रस्त्याच्या कडेला तशाच उभ्या राहिल्या. मैल्याची सवय होते, हे खरं. पण फिनाईल टाकीत शिरलं की सगळे जिवाणू मरणार हे मास्तरांइतकं कुणाला ठाऊक होतं? राखीव टाकीचं चाक कठड्यापासून चार पावलांवर होतं. उठून एकदा फिरवलं असतं तर नदी वाचली असती. ते उठले नाहीत. त्यांनी टँकरवाल्याला जेवायला बोलावलं.

एक तर मास्तरांनी जाणूनबुजून नदी मारली होती, नाही तर बाईंना ह्या माणसाबद्दल एक फार मोठी गोष्ट माहीत नव्हती.

५

शनिवारी सकाळी त्या वरच्या आळीतल्या सातही घरांत जाणार होत्या. त्यांनी शेवटच्या घरापासून सुरुवात केली, कारण लेकीचा निरोप आला होता. लेकीने दार उघडलं आणि बाईंना बाकीच्या सहा घरांत जायची गरज उरली नाही. घरातून फिनाईलचा वास येत होता.

लेक बोलकी होती. आठ महिने बोलायला कुणी नव्हतं त्याचा तो साठा असावा. तिने बाईंना बसवलं, ताई म्हटलं, चहा ठेवला आणि आईची खोली उघडून दाखवली. गादी गेली होती, पडदे काढले होते. लोखंडी खाट धुऊन भिंतीला उभी केली होती.

"बुधवारी धुतली," ती म्हणाली. "आमच्याकडे वॉर्ड धुतात तशी. फरशी, भिंती, सगळं. सोमवारी जायचं होतं मला, आणि बाबांच्याने हे व्हायचं नव्हतं. शिवाय खोलीला वास मारायचा, ताई. सांडपाण्याचा."

"सांडपाण्याचा?"

इथे लेकीचा आवाज कडू झाला. आई अंथरुणाला खिळल्यापासून बाबा रोज सकाळी टाकीतलं पाणी बाटलीत भरून घरी आणत. आईच्या उशाशी बसत, झाकण उघडत. दोघं दार लोटून घेत आणि काय बोलत कोण जाणे. आजारी बाईच्या खोलीत मैल्याचं पाणी. लेकीने सांगून पाहिलं, भांडून पाहिलं, एकदा तर बाटली अंगणात फेकून दिली. दुसऱ्या दिवशी दुसरी बाटली आली. आणि गंमत म्हणजे आईच त्यांची बाजू घ्यायची.

"काम डोक्यात गेलेला माणूस, दुसरं काय," ती म्हणाली. मग लगेच तिला वाईट वाटलं असावं. "पण कामचुकार नाहीत ते. नाव कळलं का हो काही?"

"उद्या सभेत सांगते," बाई म्हणाल्या. चहा संपवणं त्यांना जड गेलं.

६

तिथून त्या सरळ केंद्रावर गेल्या आणि नोंदवह्या मागितल्या. मास्तरांनी मुकाट्याने कपाट उघडून दिलं.

रोजच्या पानावर रकाने होते: वेळ, पाण्याची आवक, गाळ, हवा, वास. बाईंनी फक्त शेवटचा रकाना वाचला. वर्षानुवर्षांच्या वह्या, अक्षर मास्तरांचं. जुन्या वह्यांत वासाच्या रकान्यात एखादाच शब्द असे: मातीचा, सडका, बरा. अकरा वर्षांपूर्वी मध्येच पंधरा दिवस आजारपणाची रजा होती, आणि त्यानंतर रकान्याची भाषा बदलली होती. भिजवून विसरलेल्या पिठासारखा. तळाला लागलेल्या दुधासारखा, हवा वाढवली. ओल्या पोत्यासारखा. कुणीतरी जळकं तेल ओतलंय, वरच्या चेंबरात पाहावे. मास्तरांनी जन्मात स्वतःचा चहा केला नव्हता. हे शब्द रोज चुलीपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाचे होते.

ते तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत चालले होते. नंतर प्रत्येक पानावर एकच शब्द होता. नेहमीचा. टँकरवाल्याने नाकाला गमछा बांधला त्या बुधवारच्या दुपारीही तेच लिहिलं होतं.

बाईंनी वही मिटली. क्लोरीनच्या पांढऱ्या कॅनच्या मागे, कोपऱ्यात, चार निळे कॅन होते. पाच-पाच लिटरचे, धुतलेले, कागद खरवडून काढलेले.

"किती वर्षं वास येत नाही, मास्तर?"

मास्तर स्टुलावर बसले. त्यांना कुणीतरी अखेर हे विचारलं याचं बरंच वाटलं असावं, कारण ते सगळं सांगत गेले. अकरा वर्षांपूर्वी मोठा ताप आला आणि नाक गेलं ते गेलंच. नोकरी सोडायला निघाले होते, तर बायको म्हणाली, माझं आहे ना. तेव्हापासून ती रोज सकाळी डबा द्यायच्या निमित्ताने यायची, टाकीला एक फेरी मारायची आणि सांगायची. ते लिहायचे. ती अंथरुणाला खिळली तेव्हा बाटली सुरू झाली. अगदी शेवटच्या सकाळीही तिने झाकणाशी नाक नेलं आणि मातीचा आहे, काळजी नको, असं सांगितलं. बुधवारी घरभर फिनाईल होतं तेही त्यांना कळलं नव्हतं. गुरुवारी मेलेले मासे पाहून ते घरी परतले, अंगणात निळे कॅन दिसले, त्यांवरचा फिनाईलचा कागद वाचला, आणि मग सगळं एकदमच कळलं. कॅन त्यांनीच धुऊन इथे आणून दडवले होते.

"ती गेली तेव्हाच मी राजीनामा द्यायला हवा होता. दिला नाही. तीन आठवडे डोळे बांधून गाडी हाकली. नदी मीच मारली, बाई. पोरीने नाही."

"तिने ओतलं, मास्तर."

"तिच्या कामात जंतू मारायचे असतात, माझ्या कामात पाळायचे. तिला काय माहीत? मीच कधी सांगितलं नाही. आठ महिने तिने आईचं सगळं केलं. शेवटचं काम म्हणून ती खोली धुतली. त्याने नदी मेली हे तिला कळलं तर ती आयुष्यात आईची आठवण नीट काढू शकणार नाही. तुमच्या पाया पडतो. झोपलो होतो असं लिहा."

बाईंनी त्यांना वाकू दिलं नाही. त्या काय करू शकतात आणि काय नाही, ते त्यांनी स्पष्ट सांगितलं. फिनाईल लपवता येणार नव्हतं. पुढचं गाव हेच पाणी पितं आणि उद्या दुसऱ्या घरातून कुणी तेच करील. पण घर कुठलं, एवढं त्या सांगणार नव्हत्या. वरची आळी म्हणून थांबणार होत्या.

मास्तरांनी हात जोडले. आपण दिलेला शब्द पाळता येईल की नाही याची बाईंना अजिबात खात्री नव्हती.

७

रविवारी चारला सभागृह भरलं. चेअरमनांना लवकर आटपायचं होतं. मास्तरांच्या जागी कुणाला घ्यायचं हेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी एकेक गोष्ट मांडली. ब्लोअर थांबला नव्हता. गाळ विषाने मेला होता. विष फिनाईल होतं. ते लाँड्रीच्या वरच्या चेंबरात सापडलं, म्हणून लाँड्रीवाला सुटला. वरच्या आळीत टँकर चढत नाही, म्हणून टँकरवाला सुटला. लाँड्रीवाल्याने मागे वळून सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं, पण त्याच्याशी कुणी नजर मिळवली नाही.

"बुधवारी सकाळी वरच्या आळीतल्या एका घरातून फिनाईल मोरीत ओतलं गेलं," बाई म्हणाल्या. "अजाणता. घर कुठलं हे महत्त्वाचं नाही. यापुढे कुणी ते ओतू नये, हे महत्त्वाचं."

"महत्त्वाचं कसं नाही?" पहिल्या रांगेतून लेक म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. "माझ्या बाबांचं नाव चार दिवस चिखलात लोळतंय. साध्या फिनाईलने टाकी मरते?"

"पाणी न घातलेलं असलं आणि खूप असलं तर मरते."

"खूप म्हणजे किती?"

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर मान हलवत होते, नाही, नाही.

"वीस लिटरच्या आसपास," बाई म्हणाल्या. त्यांना खोटा आकडा सांगता आला असता. त्यांच्या तोंडून तो निघाला नाही.

लेकीने बोटांवर काहीतरी मोजलं. मग तिने हळूच विचारलं, "निळे कॅन? चार?"

बाईंनी नजर कागदांकडे वळवली.

"मी ओतले," ती लोकांकडे वळून म्हणाली. "खोलीला थोडंच लागलं, उरलं ते सगळं मोरीत. रुग्णालयात सगळं मोरीतच जातं. मला वाटलं, बाबांची टाकी काय वाटेल ते साफ करते."

"खोटं बोलते ती," मास्तर उठले. त्यांचा आवाज कुणी कधी एवढा चढलेला ऐकला नव्हता. "आईच्या दुःखाने भ्रमिष्ट झालीय पोर. मी झोपलो होतो. मी लिहून दिलंय."

"बाबा, बसा."

"तू गप्प बस. खोटारडी आहे ती, हिचं ऐकू नका."

बाप लेकीला आणि लेक बापाला खोटं पाडत होती, आणि साठ घरांची माणसं माना इकडून तिकडे वळवत होती. शेवटी चेअरमनांनी बाईंना विचारलं की खरं कोण बोलतंय. बाईंनी नोकरीत अनेकदा कठीण अहवाल वाचले होते. एवढा कठीण शब्द त्यांना कधी उच्चारावा लागला नव्हता.

"मुलगी," त्या म्हणाल्या.

मास्तर खाली बसले. चेअरमन कागद चाळत म्हणाले की सगळं कबूल, पण एक समजत नाही: लाँड्रीवाल्याला वास आला, टँकरवाल्याला आला, मग मास्तरांना कसा नाही आला? बाई उत्तर शोधत होत्या. तेवढ्यात लेकीने बापाकडे पाहिलं, आणि बाईंना दिसलं की तिला कळलं.

"ती बाटली," ती म्हणाली. "आई वास घेत होती. तुमच्यासाठी." ती पुढे आली आणि बापाच्या पायाशी जमिनीवर बसली. "वॉर्डात मी पेशंटचा नुसता चेहरा बघून सांगते काय होतंय ते. आठ महिने तुमच्याशेजारी जेवले, बाबा. आणि ती बाटली मी फेकून दिली."

सभेला पुढे काय करायचं ते सुचेना. मास्तरांना काढायचा ठराव कुणी मांडला नाही आणि ठेवायचाही मांडला नाही. चेअरमनांनी घसा खाकरला आणि सभा तहकूब केली. लोक चपला शोधत, कुजबुजत निघून गेले.

बाई टेबलावरचे कागद गोळा करत राहिल्या. त्यांना निघायला हवं होतं, पण पाय उचलत नव्हता. मास्तर खुर्चीत तसेच होते, लेक तशीच खाली. खिडकीतून खालची नदी दिसत होती आणि ती नेहमीसारखीच वाहत होती. मास्तर लेकीकडे वाकले.

"एक विचारू का गं?"

"विचारा ना, बाबा."

"तू धुण्याआधी त्या खोलीत तिचा वास उरला होता का?"

लेकीने त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. "होता," ती म्हणाली. "सांडपाण्याचा वगैरे काही नव्हता, बाबा. तिचाच होता. उशीत, पडद्यात, सगळीकडे. तोच सहन होईना, म्हणून तर धुतली."

मास्तरांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. त्यांच्या आवाजात राग नव्हता. नुसतं विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं.

"कसा होता, सांग ना. अकरा वर्षं झाली मला."

तिने दोन-तीनदा सुरुवात केली. तिला सांगता आलं नाही.